पोलादावरचे तीन पट्टे

आयुधपूजेच्या सकाळी डॉ. मचादो यांचा हात मेदूवड्यांच्या डब्याकडे गेला आणि इसक्कीमुत्तूने तो मनगटातच धरला.

"सर, नैवेद्य व्हायचाय."

"अरे, एकच घेतो. मी चर्चला जाणारा माणूस, मला कसला नैवेद्य?"

"तुम्ही चर्चला जाता. वडा नाही जात."

मचादो सरांनी मनगट चोळत माघार घेतली. एरवी ते प्रयोगशाळेचे प्रमुख आणि इसक्कीमुत्तू त्यांचा सहायक. पण वर्षातून एक दिवस हे नाते उलटे व्हायचे. तुतुकुडीच्या मिठागरांना लागून असलेल्या या केंद्रात इसक्कीमुत्तू एकतीस वर्षे नोकरीत होता. लोखंडाला गंज कसा लागतो आणि तो कसा थांबवायचा याचा शोध घेणे हे केंद्राचे काम. केंद्राच्या फाटकाला मात्र ते कोणी कळवले नव्हते. ते गंजून इतके घट्ट बसले होते की चार वर्षे सगळे शास्त्रज्ञ बाजूच्या फटीतून अंग चोरून आत येत होते. आयुधपूजेच्या दिवशी कपाळावर रोजच्याहून ठसठशीत भस्माचे तीन आडवे पट्टे आणि मधोमध कुंकवाचा गोल टिळा लावून इसक्कीमुत्तू आला, की संचालकसुद्धा त्याला विचारून पाणी पीत.

केंद्रात पीएच.डी. करणाऱ्या तेन्मोळीला त्या दिवशी ना वड्याची भूक होती, ना पूजेचा उत्साह. समुद्रशेवाळाच्या अर्कापासून गंजरोधक बनवायचा, ही तिची तीन वर्षांची धडपड. अर्क हिरवागार व्हायचा, वासही असा सुटायचा की काहीतरी मोठे घडणार असे वाटावे; पण त्यात पोलादाचा पत्रा ठेवला की तो थांबायचे सोडून जणू जास्तच आवडीने गंजायचा. बुधवारी चेन्नईहून तपासणी समिती येणार होती. पत्रात आडपडदा नव्हता. या वेळी काही दिसले नाही तर प्रकल्प बंद, आणि यंत्र चेन्नईला.

यंत्र चेन्नईला, हे दोन शब्द तिला जास्त लागले होते. ते यंत्र म्हणजे केंद्राचा जीव. केसाहून बारीक तारेचे टोक खाऱ्या पाण्यात बुडवलेल्या पोलादावरून, त्याला न टेकता, इकडून तिकडे फिरते आणि गंज धरू लागतो तिथे वाहणारी इवलीशी वीज टिपत जाते. मग संगणक नकाशा काढतो. गंज धरतोय तिथे लाल, शांत आहे तिथे निळे. तेन्मोळीचे तीन वर्षांचे नकाशे शेजारी शेजारी मांडले असते तर अंगणात मिरच्या वाळत घातल्यासारखे दिसले असते. इसक्कीमुत्तू त्या यंत्राला नुसते 'सुई' म्हणायचा. अकरा वर्षांपूर्वी बंदरावरून ते आणताना रस्त्यातले खड्डे बघून त्याने खोके सबंध वाटभर मांडीवर धरले होते. तेव्हापासून रोज सकाळी तोच ते पुसायचा आणि दुसऱ्या कोणाला फडके लावू द्यायचा नाही.

"अण्णाची," तेन्मोळीने चाचपून पाहिले, "पूजा झाली की मी शेवटचा प्रयोग लावते. चौदा तास लागतील."

"पूजा झाली की हत्यारं झोपतात, अम्मा. उद्यापर्यंत हात लावायचा नाही. न्हावी कात्रीला लावत नाही, शिंपी मशीनला लावत नाही. तुझी सुई काय आभाळातून पडली?"

"परवा समिती येतेय हो."

"मग सरस्वतीला सांग. ती त्याहून मोठ्या समितीवर आहे."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिने काडेपेटीएवढा पत्रा आरशासारखा घासला, स्पिरिटने धुतला, चिमट्याने उचलून डबीत ठेवला. तेवढ्यात फोडायचा कोहळा आणायचा राहिला असे इसक्कीमुत्तूच्या लक्षात आले आणि त्याने तिलाच बाजारात पिटाळले. कोहळ्यासाठी त्या दिवशी अख्खे गाव भांडत होते. ती तासाभराने परतली तेव्हा केंद्रातली झाडून सगळी उपकरणे भस्म लावून बसली होती. तराजू, पंप, संगणक, आग विझवायचे नळकांडे, पाण्याचा फिल्टर, इतकेच काय मचादो सरांच्या चष्म्याच्या घराला सुद्धा तीन पट्टे आणि एक टिळा. तिने आधी डबी उघडली. पत्रा जसाच्या तसा चकचकीत होता. मागच्या वर्षी इसक्कीमुत्तूने कॅमेऱ्याच्या भिंगाला कुंकू लावले होते आणि त्यावरून तिने रामायण केले होते. ते त्याने लक्षात ठेवलेले दिसले. तिला बरे वाटले.

पूजा झाली, कोहळा फुटला, चुरमुरे आणि हरभऱ्याचे सुंडल वाटले गेले, वडे मिळाले. मंडळी पुड्या घेऊन घरी गेली. तेन्मोळी पाकीट विसरल्याचे निमित्त करून परतली, पत्रा यंत्रात उभा लावला, अर्क घातलेले खारे पाणी ओतले आणि सुई सुरू केली. पडद्यावर टॉवेल टाकला, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला यंत्र झोपलेलेच वाटावे. जाता जाता तिने सरस्वतीच्या तसबिरीकडे पाहून हात जोडले खरे, पण नजर वर केली नाही.

मंगळवारी दसऱ्याची सुट्टी होती. तेन्मोळी सकाळी एकटीच आली, टॉवेल काढला आणि समोरची खुर्ची हातानेच चाचपत खाली बसली. लाल नकाशात तीन निळे पट्टे उभे होते. सरळ, रुंद, शेजारी शेजारी, आणि मधल्या पट्ट्याच्या मध्यावर एक निळा गोल ठिपका. तीन वर्षांत तिने निळा रंग फक्त समुद्राकडे बघताना पाहिला होता. तिला रडू आले आणि ते तिने थांबवलेही नाही.

मचादो सर लुंगीवरच स्कूटरवर बसून आले. त्यांनी नकाशा जवळून पाहिला, लांबून पाहिला, चष्मा काढून पाहिला. गिरणीत पोलाद लाटतात, त्या लाटण्याच्या दिशेने अर्क ओळीत बसला असणार, हा सिद्धांत त्यांनी उभ्या उभ्या मांडला. ठिपका त्यात कुठेच बसत नव्हता, तो त्यांनी निसर्गाच्या लहरीवर सोडला. दुपारपर्यंत त्यांनी चेन्नईला फोन केला होता, मनप्पाडच्या बहिणीला केला होता आणि चर्चच्या फादरना सुद्धा. सकाळी या शोधाचे नाव 'तेन्मोळी-मचादो पट्टे' होते. संध्याकाळी ते 'मचादो-तेन्मोळी पट्टे' झाले. तेन्मोळीला त्याचे काही वाटले नाही. निळा रंग मिळाला होता, नावाचा क्रम कोण बघतो.

बुधवारी सकाळी काजूच्या मॅकरून बिस्किटांची मोठी पेटी आली, टेबलावर धुतलेली चादर आली, आणि नकाशा भिंतीवर पडद्याएवढा होऊन झळकला. समिती यायला दहा मिनिटे होती. इसक्कीमुत्तू खुर्च्या लावत असताना एका खुर्चीचा स्क्रू निखळून कपाटाखाली गेला. तो काढायला इसक्कीमुत्तू जमिनीवर कुशीवर आडवा झाला, गाल फरशीला टेकवून हात आत घातला आणि तसाच डोळे वर करून तेन्मोळीला म्हणाला, "अम्मा, जरा काठी दे."

तेन्मोळीने काठी दिली नाही. ती त्याच्या कपाळाकडे पाहत राहिली. आडव्या पडलेल्या माणसाच्या कपाळावर तीन उभे पट्टे होते, शेजारी शेजारी, आणि मधल्या पट्ट्याच्या मध्यावर गोल टिळा. तिने भिंतीकडे पाहिले, पुन्हा खाली पाहिले.

"अण्णाची, सोमवारी माझ्या डबीतल्या पत्र्याला तुम्ही काही लावलं होतं?"

"भस्म लावलं की. सगळ्यांना लावलं, मग त्या बिचाऱ्यानं काय घोडं मारलं होतं? लगेच पुसलं पण. मागच्या वर्षीचं भिंग मी विसरलोय होय?" आणि मग तो हळूहळू उठून बसला. "पण सुई तर झोपली होती. तुला पट्टे दिसले कसे?"

एकाने पत्रा बाटवला होता आणि दुसरीने पूजा मोडली होती. कोणी कोणावर ओरडायचे हेच ठरेना. तेवढ्यात बाहेर समितीची गाडी थांबली आणि फटीतून अंग चोरून आत येणाऱ्या तीन विद्वानांचे कुरकुरणे ऐकू आले. तेन्मोळी मचादो सरांकडे धावली, पण सर टायची गाठ मारत होते आणि गाठ मारताना त्यांना दुसरे काही ऐकू येत नसे. "नंतर, नंतर," म्हणत ते स्वागताला पुढे झाले.

समितीचे अध्यक्ष डॉ. कोदंडपाणी हे चेन्नईचे कडक वैष्णव. त्यांच्या स्वतःच्या कपाळावर तीन उभ्या रेघांचे नाम होते. भिंतीवरचे तीन उभे पट्टे दिसताच त्यांचे हात आपोआप जोडले गेले. मग लक्षात येऊन त्यांनी शर्टाचे बटण नीट केल्यासारखे केले. मचादो सरांनी लाटलेल्या पोलादाचा सिद्धांत वीस मिनिटे सांगितला. फार सुंदर सांगितला. तेन्मोळी मागच्या खुर्चीवर ओढणीचे टोक पिळत बसली होती. आपण गप्प बसलो तर यंत्र राहते, प्रकल्प राहतो, पदवीही मिळते, हे तिला दिसत होते. शिवाय पुढे कधीतरी कोणीतरी हाच प्रयोग पुन्हा करेल, हेही दिसत होते.

"सगळं ठीक," डॉ. कोदंडपाणी म्हणाले, "पण हा ठिपका कसला?"

"ते कुंकू आहे, सर," तेन्मोळी उभी राहून म्हणाली.

मग तिने सगळे सांगून टाकले. कोहळा सांगितला, डबी सांगितली, टॉवेल सांगितला. एकदा सुरू झाल्यावर ती थांबली नाही. मचादो सर टाय सैल करून खाली बसले. समितीतले दोघे खिडकीबाहेर पाहू लागले, कारण त्यांना हसू आवरत नव्हते. डॉ. कोदंडपाणी मात्र हसले नाहीत. तीन वर्षांच्या शेवाळाला जे जमले नाही ते जर चिमूटभर भस्माने केले असेल, तर ते आपल्यासमोर पुन्हा करून दाखवा, असे त्यांनी शांतपणे सांगितले. सबंध पत्रा नको, पट्ट्यांपुरता तुकडा पुरे. दोन तास आम्ही थांबतो.

इसक्कीमुत्तूने हात कोपरापर्यंत साबणाने धुतले. कमरेची पुरचुंडी सोडली, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला आणि नव्या पत्र्यावर तीन बोटे ओढली. टिळा लावला. पुसला. तेन्मोळीने अर्काचे पाणी ओतले आणि सुई चालू लागली. समिती केळीच्या पानावर जेवून आली, तोवर नकाशा तयार होता. कडेपासून कडेपर्यंत लाल. पट्टा नाही, ठिपका नाही, निळ्याचा कण नाही.

डॉ. कोदंडपाणींनी फाइल मिटली. ते वाईट माणूस नव्हते. मुलीने खरे सांगितले याचे त्यांनी दोन वाक्यांत कौतुकही केले. मग म्हणाले, "यंत्राची बांधाबांध पुढच्या सोमवारी सुरू करा. खोकी आम्ही पाठवतो."

खोकी हा शब्द ऐकून इसक्कीमुत्तूचा चेहरा उतरला. तो सुईजवळ गेला, फडक्याने तिची आधीच स्वच्छ असलेली कड पुसली आणि तसाच पाठमोरा उभा राहून म्हणाला, "सर, एक राहिलं."

"काय?"

"त्या दिवशी मी हात धुतले नव्हते."

"पूजेला हात न धुता बसलात?" तेन्मोळीला खरे वाटेना. हाच माणूस चपलेच्या पट्ट्याला बोट लागले तरी तिला हात धुवायला लावायचा.

"धुतले होते. मग पुन्हा खराब झाले. बोटाला तेल होतं."

"कसलं तेल?" डॉ. कोदंडपाणींनी फाइल पुन्हा उघडली.

एकतीस वर्षांची अब्रू ज्या डब्यात ठेवली होती त्याचे झाकण इसक्कीमुत्तूला स्वतःच्या हाताने उघडायचे होते. "वड्याचं," तो शेवटी म्हणाला.

मचादो सर खुर्चीतून सावकाश उठले. "कधीच्या वड्याचं?"

"नैवेद्याच्या आधीच्या."

"इसक्कीमुत्तू," सर म्हणाले, "माझं मनगट अजून दुखतंय."

मग हळूहळू सगळी हकीकत बाहेर आली. वडे त्याची बायको चेल्लताई करायची. तिचा हात चांगला, पण मिठाचा भरवसा नाही. देवापुढे अळणी वडा कसा ठेवायचा, म्हणून नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याने कपाटाआड जाऊन एक चाखून पाहिला. त्या वर्षी मीठ बरोबर होते. पण एका वर्षावरून पुढचे कसे सांगणार, म्हणून दुसऱ्या वर्षीही चाखला.

"एकतीस वर्षं मीठच बघताय?" तेन्मोळीने विचारले.

"मीठ दर वर्षी वेगळं पडतं, अम्मा," तो खाली मान घालून म्हणाला.

आता खिडकीबाहेर पाहणाऱ्या दोघांनी हसू आवरायचा प्रयत्न सोडून दिला. डॉ. कोदंडपाणींनी घड्याळ पाहिले आणि कँटीनमधून वडे मागवले. इसक्कीमुत्तूने विद्वानांच्या देखत एक वडा खाल्ला, हात न धुता पत्र्यावर तीन बोटे ओढली, टिळा लावला, पुसला. दोन तास कोणी जागचे हलले नाही. नकाशा वरून खाली उलगडू लागला तसे तीन निळे पट्टे उमटले, आणि ठिपका आला तेव्हा मचादो सरांनी छातीवर क्रूस काढला.

"म्हणजे तुमच्या शेवाळाचं काहीच काम नाही. सगळं तेलाचं," समितीतला एक जण म्हणाला.

तेन्मोळीला हे मान्य करवेना. तिने चौथा पत्रा घेतला, इसक्कीमुत्तूला आणखी एक वडा खाऊ घातला, आणि या वेळी नुसते खारे पाणी ओतले, अर्काचा थेंबही नाही. मॅकरूनची पेटी रिकामी होईपर्यंत नकाशा आला. पट्टे विरून गेले होते. नुसते तेल पाण्यात सुटून जात होते. नुसते शेवाळ पोलादाला धरतच नव्हते, म्हणून तीन वर्षे लाल दिसत होते. पत्रा ती इतका स्वच्छ घासायची की शेवाळाला बसायला जागाच उरायची नाही. आधी पुसट तेल आणि वर शेवाळ, असे दोघे मिळून मात्र ते पोलादाला घट्ट बिलगून बसत होते. तेन्मोळी नकाशाकडे पाहून हसत होती आणि डोळेही पुसत होती. आपण तीन वर्षे चुकत होतो याचा इतका आनंद तिला पूर्वी कधी झाला नव्हता.

तीन आठवड्यांनी चेन्नईचे पत्र आले. यंत्र इथेच राहील, प्रकल्पाला एक वर्ष मुदतवाढ. पण चौथी अट अशी होती की पत्र्यांची पूर्वतयारी त्याच व्यक्तीने, त्याच पद्धतीने करावी, आणि त्यात काडीचाही बदल होऊ नये. केंद्राच्या कार्यालयाने त्याचा रीतसर आदेश काढला. दर सोमवारी अकरा वाजता सहायक इसक्कीमुत्तू याने एक मेदूवडा खावा, हात धुऊ नयेत, आणि डॉ. मचादो यांनी साक्षीदार म्हणून वहीत सही करावी. आदेशाची प्रत फळ्यावर लागली आणि त्याच संध्याकाळी चेल्लताईच्या कानावर गेली. त्या आठवड्यापासून तिने दोन डबे द्यायला सुरुवात केली, एक केंद्रातल्या तसबिरीपुढच्या नैवेद्याचा आणि एक सरकारी.

पहिले दोन महिने पट्टे झकास आले. मग ते फिके पडू लागले. तेन्मोळीने पाणी तपासले, अर्क तपासला, सुईचे टोक बदलले. शेवटी एका सोमवारी तिची नजर इसक्कीमुत्तूवर गेली. तो सरकारी डब्यातला वडा दोन बोटांच्या टोकांत धरून औषधाच्या गोळीसारखा कसाबसा गिळत होता आणि समोर मचादो सर पेन उघडून बसले होते.

"काय झालं, अण्णाची? मीठ कमी आहे?"

"मीठ बरोबर आहे." तो कुजबुजला. "चवच लागत नाही, अम्मा. असा समोर बसवून, सही घेऊन..."

तेन्मोळीने क्षणभर विचार केला. मग तिने मचादो सरांना फाटकाला तेल द्यायचे का ते बघायला बाहेर नेले, आणि जाताना तसबिरीपुढचा नैवेद्याचा डबा जरा कपाटाच्या बाजूला सरकवून ठेवला. ती दाराशी पाठ करून उभी राहिली. आत कपाटामागे झाकण उघडल्याचा हलका आवाज झाला, थोडा वेळ शांतता होती, मग झाकण पुन्हा बसले.

त्या दिवशीचे पट्टे आजवरचे सगळ्यांत निळे आले. वहीत 'पद्धतीत बदल' या रकान्यात तेन्मोळीने लिहिले, 'काही नाही', आणि साक्षीदाराची सही स्वतःच केली.